वाजते गाडी, बोलणी खाते बाई!

गल्लीत रात्री दोन वाजता गाडीचा सायरन किंचाळायला लागला, की पहिल्या रात्री दहा घरांत दिवे लागतात. दुसऱ्या रात्री चार. आठवडाभराने एकही नाही. सकाळी दुधाची पिशवी घेताना टोमणे तेवढे येतात, "काय वहिनी, काल परत काकडआरती झाली वाटतं!" गाडी घरातल्या पुरुषाची असेल तर ही थट्टा थट्टेवारीच जाते. पण गाडी बाई चालवत असेल, तर पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच. "झेपत नाही तर कशाला घ्यायची गाडी?"

मैत्रिणींनो, आजचा विषय हाच. जुन्या गाडीचा केव्हाही बोंबलणारा अलार्म. तुम्ही म्हणाल, हा काय पुरवणीत लिहायचा विषय झाला? हा तर गॅरेजवाल्याचा विषय. मला तसं वाटत नाही. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांतून आता शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका, शिवणक्लास आणि पार्लर चालवणाऱ्या बायका चारचाकी चालवताना दिसतात. त्यातल्या बहुतेकींची गाडी शोरूममधून हार घालून आणलेली नसते. कुणीतरी दहा-बारा वर्षं वापरलेली, दोन हात फिरलेली असते. आणि त्या गाडीत कधीकाळी कुणीतरी बाजारातलं अलार्मचं किट बसवून घेतलेलं असतं. कुणी बसवलं, कसं बसवलं, वायर कुठून कुठे नेली, हे सांगणारा माणूस गाडीबरोबर येत नाही. येतो तो फक्त रिमोट. तोही चिकटपट्टी लावलेला!

माझ्या धाकट्या जाऊबाईंचंच उदाहरण घ्या. आम्ही चिपळूणचे. ती गुहागर रस्त्यावरच्या एका गावात शाळेवर आहे. दीर नोकरीसाठी पुण्याला. सकाळची एस्टी पकडायची तर घरातलं सगळं पहाटे चारला उठून करावं लागे, आणि संध्याकाळची चुकली तर कुणाच्या तरी दुचाकीमागे बसून पावसात भिजत यायचं. म्हणून तिने पतपेढीचं कर्ज काढून जुनी गाडी घेतली. दोन वर्षं सुखाची गेली. तिसऱ्या पावसाळ्यात अलार्मने डोकं वर काढलं. कधी रात्री दोनला, कधी पहाटे पाचला, तर एकदा भर दुपारी शाळेच्या आवारात, सहावीचा गणिताचा तास चालू असताना. घरात सासूबाईंचा जीव वर-खाली. शेजारच्या घरात बाळंतीण. तिने दोन गॅरेजं केली. पहिल्याने गाडीकडे न बघताच सांगितलं, "बाई, रिमोट नीट दाबत नसाल." दुसऱ्याने सांगितलं, "साहेबांना फोन लावून द्या, त्यांच्याशी बोलतो." आता साहेब पुण्यात! त्यांनी ना ते किट पाहिलेलं, ना तो आवाज ऐकलेला. गाडी रोज चालवणारी, पुसणारी, तिचा हप्ता भरणारी समोर उभी आहे आणि मेकॅनिक बोलणार दीडशे मैलांवरच्या माणसाशी. शेवटी फोनवर ठरलं काय, तर गाडी विकून टाकू. कटकटच नको!

इथे माझं डोकं फिरलं. अहो, बिघाड झालाय एका किटमध्ये आणि शिक्षा कुणाला, तर जिला ती गाडी आहे म्हणून वेळेवर घरी पोचता येतं तिला? घरातल्या मिक्सरचं भांडं गळायला लागलं म्हणून कुणी मिक्सर विकत नाही. पण बाईच्या गाडीचं काही बिनसलं की पहिला उपाय सुचतो तो गाडी काढण्याचा. दुरुस्ती नंतर आठवते.

आता मुद्द्याचं बोलते. "अलार्म कधीही वाजतो" हे वाक्य मी आता कुणाच्या तोंडून ऐकूनच घेत नाही. कधीही असं काही नसतं. त्या किटला ना मन आहे, ना त्याच्या अंगात येतं. डॅशबोर्डच्या खाली एक छोटी काळी डबी असते. तिला चार-पाच ठिकाणांहून निरोप येतात. दारांच्या खांबांना रबरी टोपीचं बटण असतं ना, दार उघडलं की बाहेर येणारं, ते सांगतं दार उघडलं. तसंच एक बटण बॉनेटखाली, एखाद्या गाडीत डिकीलाही. शिवाय धक्का ओळखणारा एक सेन्सर असतो. यांतल्या कुणीही "आलं कुणीतरी" असा निरोप दिला की डबी सायरन वाजवते. निरोप खरा की खोटा हे तिला कळत नाही. म्हणजे सायरन हा गुन्हेगार नव्हेच, तो नुसता दवंडी पिटणारा. खोटा निरोप देणारा कोण, हे शोधायचं.

आणि ते शोधण्याचं काम गॅरेजमध्ये होत नाही. का होत नाही? कारण गाडी तिथे उभी असताना अलार्म वाजतच नाही. डॉक्टरांकडे नेलं की पोराचा ताप उतरलेला असतो, तसं. मेकॅनिक हुशार असला तरी त्याच्यासमोर काही घडतच नसेल तर तो अंदाजच मारणार. गाडीबरोबर चोवीस तास राहणारं माणूस तुम्ही. म्हणून यातला अर्धा मेकॅनिक तुम्हीच आहात, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. रात्री पाऊस होता का, दार शेवटचं कुणी लावलं, गाडी तापलेली होती की कालपासून उभी होती, हे मेकॅनिकला कोण सांगणार?

आपल्याकडे यासाठीचं साधन आधीपासून भिंतीवर टांगलेलं आहे. कॅलेंडर! दुधाचे खाडे, गॅसची टाकी कधी लावली, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, सगळं आपण तिथेच लिहितो. जाऊबाईंना मी तेच सांगितलं. अलार्म वाजला की त्या चौकोनात वेळ लिही. पुढे एका शब्दात पाऊस, वारा, गडगडाट की कोरडं. गाडी त्या दिवशी कुठे गेली होती. आणि बंद करताना किती वेळा टिक-टिक झाली, दिवे किती वेळा लुकलुकले. बऱ्याच किटमध्ये अलार्म वाजून गेला असेल तर रिमोटने बंद करताना नेहमीपेक्षा वेगळे बीप येतात, काहींत तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा कोणत्या बाजूने निरोप आला तेही मोजून दाखवतो. आपण झोपेत, ओशाळून, घाईघाईने बटण दाबतो आणि तो पुरावा हातचा घालवतो.

तोवर शेजारच्या एका आजींनी आपलं निदान केलं होतं, "अमावास्येच्या आसपास वाजतो गं तो." कॅलेंडरवर लिहिण्याचा एक फायदा असा, की तिथे तिथीही छापलेली असते! महिन्याभरात नऊ नोंदी झाल्या. अमावास्येच्या वाट्याला एकही आली नाही. मात्र दुसरंच काही दिसलं. नवांतल्या सात वेळा त्या दिवशी गाडी भर पावसातून गुहागर रस्त्याने आलेली होती. ज्या शनिवार-रविवारी गाडी पोर्चमध्ये कोरडी उभी होती, तेव्हा चकार शब्द नाही. उरलेल्या दोन नोंदींपुढे तिने "गडगडाट" लिहिलं होतं.

म्हणजे चोर एक नव्हता, दोन होते. असे बिघाड सापडत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच. दोन वेगवेगळी कारणं एकमेकांत मिसळलेली असतात, एक काढलं तरी दुसरं वाजतंच, मग मेकॅनिक म्हणतो, "छे, ते कारण नव्हतंच," आणि बरोबर केलेली दुरुस्तीही उलटी फिरवतो.

पावसात भिजणारं बटण कोणतं? बॉनेटखालचं. दारांची बटणं निदान रबरी पट्टीच्या आत असतात. बॉनेटवालं बिचारं पाणी, चिखल, इंजिनाची धग सगळं सोसतं. त्याची स्प्रिंग मऊ पडते, आत गंज चढतो, आणि ओल आली की बॉनेट बंद असूनही ते "उघडलं, उघडलं" म्हणून ओरडतं. तिने ओळखीच्या बॅटरीवाल्याकडे गाडी नेली आणि सरळ कॅलेंडरचं पान समोर ठेवलं. त्या बॅटरीवाल्याचं मला कौतुक वाटलं. त्याने पान नीट वाचलं, "साहेबांना" फोन लावला नाही. बॉनेटच्या बटणाची वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली आणि म्हणाला, "बाई, आठ दिवस अशीच चालवा. वाजला तर सांगा." बहुतेक किटमध्ये ती वायर गाडीच्या पत्र्याला टेकली तरच निरोप जातो, सोडून ठेवली तर त्या बाजूने निरोप जाणं बंद. आठ दिवस मुसळधार पाऊस पडला. अलार्म गप्प. मग नवीन बटण बसवलं. सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत! आणि धक्क्याच्या सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो, तो जरासा मागे फिरवला. ढगांचा गडगडाट त्याला दरोडा वाटत होता, तेवढाच काय तो गैरसमज. मागे फिरवल्यावर काचेशेजारच्या खांबावर तळहाताने जोरात थाप मारून बघितली, तेव्हा मात्र तो वाजला. तो वाजायलाही हवाच, नाहीतर किट ठेवून उपयोग काय?

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती त्याची एक शिस्त. एका वेळी एकच गोष्ट बदलली. आमटी बिघडली तर आपण मीठ, तिखट, चिंच सगळं एकदम घालतो का? एक घालतो, चाखतो. गॅरेजमध्ये मात्र एकाच दिवशी रिमोटचा सेल बदलतात, सेन्सर ढिला करतात, फ्यूज काढून घालतात, आणि मग बरं कशाने झालं तेच कळत नाही. तीन महिन्यांनी परत वाजला की परत पहिल्यापासून.

अर्थात सगळ्यांच्या गाडीत बॉनेटचंच बटण बिघडलेलं असेल असं नाही. दारांची शंका असेल तर एक घरगुती परीक्षा सांगते. अंधारात गाडीत बसा, दारं लावून घ्या, छतावरच्या दिव्याचं बटण मधल्या खुणेवर ठेवा, म्हणजे दार उघडलं की दिवा लागेल असं. बऱ्याच गाड्यांत दाराचं एकच बटण दिव्यालाही निरोप देतं आणि अलार्मलाही. दिवा विझला की एकेक दार आतून जरा हलवा. ज्या दाराला दिवा लुकलुकला, ते तुमचं दार! बहुधा मुलं चढतात-उतरतात ते मागचं. बटण पुसून, रबरी टोपी बदलून भागतं, नाहीतर नवीन बटण येतं.

दिवाळीनंतरच्या थंडीत पहाटे वाजायला लागला तर बॅटरीकडे बघा. म्हातारी बॅटरी थंडीत आणखी मान टाकते, दाब खाली गेला की काही किट गोंधळतात. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ वर आली म्हणजे तिच्यात जवळपास काही उरलेलं नाही. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसलं पाहिजे. साधा मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो, घरच्या इन्व्हर्टरलाही उपयोगी पडतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती आधी साफ करून घ्या. काही सायरनच्या पोटात त्यांची स्वतःची छोटी बॅटरी असते, ती म्हातारी झाली की सायरन कुणी न सांगताच किंचाळतो. अशा वेळी मोठ्या बॅटरीची वायर काढलीत तर तो गप्प बसायच्या ऐवजी आणखीच चेकाळेल. घाबरू नका, त्याला वेगळी किल्ली असते.

आणि उंदीर! भातशेतीच्या, गोदामाच्या जवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वायरीवरचं आवरण कुरतडलं, की उघडी तार पत्र्याला टेकली रे टेकली, निरोप गेलाच. मांजर उबेला बॉनेटवर चढून बसतं तेही लक्षात ठेवा. त्यात बिघाड काहीच नसतो.

एक गोष्ट तर कितीतरी जणींना भुताटकी वाटते. गाडी रिमोटने उघडली, दार उघडायच्या आधी कुणीतरी हाक मारली म्हणून घरात गेलो, परत आलो तर गाडी आपोआप बंद! किल्लीने दार उघडलं तर बोंबाबोंब. हा बिघाड नाही, किटमधली सोय आहे. अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही तर चुकून बटण दाबलं गेलं असेल असं समजून ते स्वतःच कुलूप लावून घेतं. पण म्हणूनच सांगते, किल्ली आत ठेवून, तान्हं बाळ सीटवर ठेवून "आलेच हं" म्हणत कधीही उतरू नका. बंद गाडी उन्हात किती झपाट्याने तापते ते आपण सगळ्याच जाणतो.

आता येते त्या उपायाकडे, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. "वायर कापून टाकतो, मोकळं होऊन जाल." हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. ऐकायला गोड आहे, झोपमोड झालेल्या बाईला तर फारच. माझी एक शाळासोबतीण कराडला असते. तिच्या गाडीचा अलार्म असाच "कापला". महिन्याने ती दोन मुलांना घेऊन चिपळूणला माहेरी येत होती. कुंभार्ली घाटात, वळणावर, मागे भरलेला ट्रक आणि गाडीचं इंजिन एकाएकी बंद! कारण काय? अलार्मचं किट नुसता आवाज करत नाही. चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून इंजिनाच्या किंवा स्टार्टरच्या वायरीतही ते मधे शिरलेलं असतं. मूळ वायर कापून तिथे त्याचा रिले जोडलेला असतो. सायरनची वायर तोडली तरी तो रिले तिथेच राहतो. किंवा घाईत काढलाच, तर दोन टोकं हाताने पिळून वर टेप गुंडाळतात. घाटातले धक्के, इंजिनाची धग, पावसाळी ओल, किती दिवस टिकणार ती गाठ? इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा लागतो. ट्रकवाला भला होता आणि ती शांत डोक्याची होती म्हणून निभावलं. गॅरेजवाल्याने मात्र नंतर विचारलं ते हेच, "गाडी कोण चालवत होतं?"

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अलार्म दुरुस्त करा, नाहीतर पूर्ण काढा. अर्धवट कापू देऊ नका. काढायचाच तर डबी, रिले, सायरन, सेन्सर सगळं बाहेर आलं पाहिजे आणि मूळ वायर परत सोल्डर करून, वर नळीचं आवरण घालून जोडली गेली पाहिजे. एअरबॅगवाली गाडी असेल तर पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावायचा नाही, हे आधीच बजावून सांगा. काही दिवस नुसती शांतता हवी असेल तर बऱ्याच किटमध्ये डॅशबोर्डखाली लपवलेलं एक छोटं बटण असतं, गाडी गॅरेजला देताना अलार्म तात्पुरता झोपवून ठेवण्यासाठी. ते कुठे आहे हे गाडी विकणाऱ्याला विचारून ठेवायचं. कापाकापीपेक्षा ते कधीही बरं. आणि अलार्म काढणार असाल तर विम्याच्या हप्त्यात त्याची सूट घेतली आहे का तेही बघा. घेतली असेल तर विमा कंपनीला कळवायला हवं, उद्या चोरीचा दावा करायची वेळ आली तर अडायला नको.

कुणी म्हणेल, मग काढूनच का टाकू नये? विचार करण्यासारखा प्रश्न आहे. अमेरिकेत विम्याच्या नुकसानीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने १९९७ साली लाखो गाड्यांचे दावे तपासले होते. अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकूणात काही घट दिसली नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय! रोज उठून ओरडणाऱ्याकडे कोण बघतो? पण मी स्वतः काढून टाका असं म्हणणार नाही. मोठ्या शहरातल्या अनोळखी वस्तीत जे होतं ते आपल्या आळीत तसंच होईल असं नाही. आपल्याकडे अजून लोक खिडकीत येतात. रात्री नऊला क्लासवरून मुलीला आणायला गेलेल्या बाईला, मंगल कार्यालयाच्या मागच्या अंधारात लावलेल्या गाडीपाशी जाताना, रिमोटचं ते लाल बटण हातात असल्याचा धीर वाटतो. तो धीर मला मोलाचा वाटतो. फक्त तो सायरन महिन्यातून नऊ वेळा उगाच वाजलेला नसला पाहिजे. त्या रात्री धावून येणारे लोक आपण आधीच झोपेतून उठवून उठवून दमवलेले असतील, तर खऱ्या वेळी कोण उठणार? म्हणून दुरुस्ती टाळू नका म्हणते.

शेजाऱ्यांची बाजूही आहेच की. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या निकालात निवासी भागात रात्री हॉर्नसुद्धा अगदीच अपवाद सोडून वाजवू नये असं म्हटलं. आणि सायरनच्या खोक्यावर ११०, १२० डेसिबल अभिमानाने छापलेलं असतं! तान्ह्या बाळाच्या खिडकीखाली ते वाजत असेल तर शेजारीण चिडणारच. जाऊबाईंनी एक चांगलं केलं. बाळंतिणीच्या घरी जाऊन सांगितलं, "आठ दिवसांत शोधून काढते, तोवर गाडी खालच्या देवळापाशी लावते." टोमणे तिथेच थांबले.

आता नवीन, म्हणजे जुनीच, गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी थोडं. किल्ल्या दोन्ही मागून घ्या, रिमोटही दोन. चोरीचा दावा करायची वेळ आली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. आणि आमच्या भागातल्यांनी एक विशेष बघावं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. धुऊन-पुसून, अत्तर शिंपडून अशा गाड्या पुढे कुठल्या कुठे विकल्या जातात. पाणी ओसरतं, पण वायरींच्या जोडात शिरलेला चिखल वर्षानुवर्षं हळूहळू गंज चढवत राहतो, आणि मग अलार्म, काचा, दिवे सगळंच लहरी होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वर न दिसणारी मातीची रेघ तिथे दिसते. सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा, गालिचा उचलून वास घ्या. कुबट वासाच्या बाबतीत आपलं नाक फसत नाही, आणि विकणारा "पावसाळा आहे ना ताई" म्हणाला तर दुसरी गाडी बघा.

राहता राहिलं बिल. "अलार्मचं काम" एवढ्या दोन शब्दांपुढे रक्कम लिहिलेलं बिल घेऊ नका. कोणतं बटण बदललं, कोणत्या रंगाची वायर सोडवली, कुठे जोडली, सेन्सरचा स्क्रू कुठल्या बाजूला किती फिरवला, हे त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत मागा, लाजू नका, पैसे आपण दिलेत. तो म्हणेल, "साहेबांना समजावून सांगतो." त्याला म्हणावं, मलाच सांगा, गाडी मी चालवते. आणि तो कागद गाडीच्या कप्प्यात कोंबून ठेवू नका, तिथे पावसाळ्यात लगदा होतो. कॅलेंडरच्याच खिळ्याला अडकवून ठेवा.